आयेची बाजारातली जागा

वेसावे, अंधेरी
१८ मे १९८४, शुक्रवार

कमळे,

आधी सगळे ठीक असं लिहायचं असतं ना, म्हणून लिहितो. मी ठीक. बाबा होडी घेऊन गेलेत, ते ठीक. मांजर ठीक. तुझ्या होस्टेलात मासे देत नाहीत म्हणे. जगतेस कशी गं?

तुझं पत्र अख्ख्या गल्लीत वाचून झालं. परवा शाळेतल्या नलिनीबाईंनी मला रस्त्यात धरलं. म्हणाल्या, "बाळा, तुझी बहीण अजून दहावीला बसली नाही आणि सुट्टीत पुण्याला जाऊन बी.एस्सी.चं गणित शिकतेय. कॉलेजच्या पोरांचाच पेपर देणार. पास झाली तर इथल्या कॉलेजात शाळा सांभाळून वर्गाला बसू देतील तिला. आणि तू? नववीत दोनदा!"

मी म्हटलं, "बाई, पाया पक्का करतोय."

बाजारात पापलेट महागलंय. चार बंगल्याची ती चष्मेवाली बाई रोज येते, कल्ले उघडून बघते, नाक मुरडते. तू मला लिमिट शिकवलंस ना, जवळ जवळ जात राहायचं पण टेकायचं नाही? तिचा भाव आणि माझा भाव अगदी तसंच चालतं.

माझा भाव. हां, आलं ना लक्षात?

आयेच्या जागेवर मी बसतोय.

थाप नाही गं. थाप असती तर यापेक्षा झकास रचली असती. तू गेलीस त्याच आठवड्यात किनाऱ्यावर मासे निवडताना पाकटाच्या शेपटीचा काटा आयेच्या तळहातात घुसला. उजव्या. तिने हळद दाबली नि बाजाराला गेली. तुला ठाऊकच आहे ती. मग हात कोपरापर्यंत सुजला. हॉस्पिटलात दोन बोटं काढली. आता ताप नाही, जेवते, मला शिव्या पण देते. पण कोयता काही धरता येणार नाही तिला.

पहिल्या दिवशी मी टोपली घेऊन बसलो तर सगळा बाजार हसायला लागला. "आरं, सोनूबायचा पोऱ्या हाय ना त्यो? लुगडं नेसून ये, मग बस!" मी म्हटलं, "लुगडं कमळी पुण्याला घेऊन गेलीय." तेवढ्यापुरतं निभावलं. घरी येताना मात्र मी मागच्या गल्लीतून आलो. मी, कमळे. जो सगळ्यांची टर उडवतो तो.

शेजारची शकुमावशी शिव्या देत माझं गिऱ्हाईक कापून देते. म्हणजे गिऱ्हाइकाचे मासे. पण तिने साफ सांगितलंय, "अवसेपर्यंत बस. मग कमळीला आण, नायतर ही जागा माझ्या सुनेची. बाईची जागा हाय, पोऱ्याची नाय."

मी म्हटलं, "मग माझं लग्न लाव ना मावशी."

हसली नाही गं ती. मग माझी पण मस्ती उतरली. आजी त्या जागेवर बसली, मग आय, आणि पुढे तू, हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलंय. तुला कोणी विचारलंच नाही.

आता कागद ज्याच्यासाठी घेतला ते. आयेनं सांगितलंय, "कमळीला लिव, लगेच ये." आता समोरच बसलीय, हात उशीवर ठेवून. मघापासून विचारतेय, "लिवलंस का? एवढा येळ? 'ये' म्हणाया कवडा कागद लागतो?"

तर लिहिलं. ये.

आता माझं ऐक. येऊ नकोस. अवसेच्या आधीच पुढच्या शनिवारी तुझा पेपर आहे. तेवढे दिवस मी बसतो, हसू देत बाजाराला. तुला कळवायचंच नाही असं पण डोक्यात आलं होतं. पण घरात आयेचा हात असा आणि तू तिथे गणितं सोडवतेयस, हे नंतर कळलं असतं तर तू माझं तोंड पाहिलं नसतंस. आता ठाऊक असून पेपर दे. जमेल? मला नसतं जमलं. म्हणून तर तू तिथे आहेस नि मी इथे.

थांब, आयेनं वाचायला लावलं. सगळं वाचलं, 'येऊ नकोस' सुद्धा. मला वाटलं उशी फेकून मारणार. पण तिने बांधलेला हात उशीवर नीट सारखा केला. मग म्हणाली, "पेपर शनवारी ना?"

"हो."

"मग ये म्हनलंय त्याच्याम्होरं लिव, ऐतवारी."

म्हणून, ये. रविवारी ये.

त्या जागेवर बसायचं की नाही ते शकुमावशीला तूच सांग. मी नाही, आय नाही. तू सांगशील ते.

कागदाला वास येईल. कोणी विचारलं तर सांग, घरचं पत्र आहे.

तू येईपर्यंत जागा धरून बसलेला,
बाळा