नवे ब्रेक

पालम, दिल्ली
५ जानेवारी

ती. प्रभाक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर माझं पत्र बघून दचकू नकोस. तुमच्याकडे फोन दाजींच्या हातात असतो आणि इथे आमच्या डोक्यावरच बळवंतराव राहतात. तुझ्या सख्ख्या दिराची तक्रार करायची, तर ती कागदावरच बरी.

गोष्ट त्यांच्या पिकअपची, मी चालवतो ती. त्यांनी मागच्या स्प्रिंगचे पाटे जाड करून घेतले, फाळके उंच केले. गाडी आता जवळजवळ दुप्पट फरश्या उचलते, ब्रेक मात्र कंपनीचे तेच. परवा फरिदाबादहून गुरुग्रामकडे येताना डोंगरातल्या उतारावर पॅडल मऊ पडलं आणि पार खाली गेलं. गिअर पाडून, हँडब्रेक ओढून कशीबशी थांबवली. फौजेत लेहच्या रस्त्यावर ट्रक चालवला, पण अशी वेळ कधी आली नव्हती.

मिस्त्री म्हणतो, पुढे ब्रेकच्या मोठ्या डिस्क आणि मागे मोठे ड्रम बसतील. बळवंतराव लगेच तयार झाले. म्हणाले, बिल्कुल बसवू, मग अजून दोन थर चढवता येतील! तिथेच मी अडकलोय. हो म्हणावं तर माल वाढतो, नको म्हणावं तर त्याच ब्रेकवर उतरायचं. काम सोडावं, तर घर त्यांचं, आणि आमच्या राजूची, राजनंदिनीची, बारावी. तिच्या आईला, सुकन्याला, यातलं काही माहीत नाही. तूच सांग.

तुझा धाकटा,
युवराज


कोरेगाव
१५ जानेवारी

चि. युवराज यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोरांच्या खाऊच्या डब्यामागे लपवून वाचलं. आधी सुकन्याला सांग. तुझं तोंड बघून ती काय ते ओळखून असेल, तू कितीही शहाणा समजत असलास तरी.

ब्रेक बसवून घे. चांगले ब्रेक कुणाला वाईट झालेत? मालाचं नंतर गोडीगुलाबीने बघ. भावजी तापट आहेत, मनाने वाईट नाहीत. मीच शब्द टाकून तुला तिथे लावलं. तुमचं फाटलं तर जाब मला द्यावा लागेल, तोही उठता-बसता, याच घरात. परीक्षा होईपर्यंत ओढून ने, बाळा.

तिळाच्या वड्या पाठवल्यात. राजूला आधी दे, सगळ्या तू खाऊ नकोस.

काळजीत असलेली,
अक्का


पालम
२ फेब्रुवारी

ती. अक्कास, सा. न.

वड्या पोचल्या. सुकन्याला सांगितलं. आधी भडकली. मग म्हणाली, एवढा भार एकट्याने वाहिलास, आता पुढचं दोघांनी ठरवू.

ब्रेक बसवले. अक्का, गाडी अशी थांबायची की मन हलकं व्हायचं. ते सुख चार फेऱ्या टिकलं. बळवंतरावांनी दोन थर चढवलेच. मी नको म्हणालो, तर फौजी असून घाबरतोस का म्हणत स्वतः शेजारी येऊन बसले. त्याच उतारावर पुढची बस एकदम थांबली. मी पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, पण मागच्या फरश्या थांबल्या नाहीत. सगळा थर पुढे सरकला आणि केबिनचा पत्रा आत आला, त्यांच्या पाठीवर. खांदा निखळला. तो हातभर माझ्या बाजूला आला असता, तर हे पत्र सुकन्याने लिहिलं असतं.

इस्पितळात, गळ्यात हात बांधलेला, तरी काय म्हणावं त्यांनी? म्हणाले, आता केबिनमागे लोखंडी जाळी ठोकू, मग काही भीती नाही. मी म्हणालो, गाडीच्या कागदावर आहे तेवढंच वजन नेईन, त्यावर एक फरशी नाही. ते म्हणाले, मग घराचंही बघ. गाडीची किल्ली अजून माझ्या खिशात आहे. उत्तर लगेच मागितलंय, ते टाळायला मी आजारी म्हणून पडून आहे. खोटं.

युवराज


कोरेगाव
११ फेब्रुवारी

चि. युवराजास आशीर्वाद.

भावजींचा फोन आला होता. तुझी समजूत घालायला सांगत होते. हे समोरच बसले होते. मी म्हणाले, भावजी, त्या केबिनमध्ये एक माझा भाऊ आणि एक माझा दीर होता, मला दोघेही हवेत, म्हणून मी त्याला गाडी चालव असं सांगणार नाही. त्यांनी फोन ठेवला. तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. ताट पुढे केलं की जेवतात आणि उठतात. राहू दे. तू जुळवून घे असं मी लिहिलं होतं, ते विसर. किल्ली देऊन टाक.

तुझीच,
अक्का


पालम
२४ फेब्रुवारी

ती. अक्कास, सा. न.

किल्ली दिली. परीक्षा संपेपर्यंत राहा म्हणाले, त्यांच्या बायकोने रडून कबूल करून घेतलं म्हणून. मला द्वारकेतल्या एका सोसायटीत गेटवर काम मिळालंय, बारा तास उभं राहायचं. सुकन्या शिवणाची कामं घेते. एप्रिलमध्ये कुठे जायचं, ते अजून ठरलेलं नाही.

त्यांना अजून ड्रायव्हर मिळालेला नाही. दोघे आले, मी दारातच त्यांना सगळं सांगितलं, दोघेही परत गेले. बळवंतराव माझ्याकडे बघतही नाहीत. रागाने त्यांनी भरलेली गाडी मिस्त्र्याकडून आमच्या दाराला चिकटवून उभी करून घेतलीय. घरात उजेड येत नाही. राजू दप्तर डोक्यावर धरून, अंग चोरून पेपरला जाते. काल तिने विचारलं, बाबा, ही हलणार कधी? मी म्हणालो, नाही हलली तरच बरं.

दाजी बोलू लागले की कळव. तोवर तुझा जीव जप.

युवराज