वरातीची प्लिमथ

लालबाग, मुंबई
९ जानेवारी २०२५

चि. हेरंब यास ताईचे अनेक आशीर्वाद. अक्षदाची कंबर आता कशी आहे? तिला म्हणावं, नारळाची पोती उचलायला नवरा आहे ना घरात.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. फोनवर गाडीचा विषय काढला की तू बरं बरं, बघू म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदावरचं असं तोडता येत नाही, म्हणून एवढ्या वर्षांनी लिहायला बसले.

चाळ मार्चअखेर रिकामी करायची आहे आणि मागची पत्र्याची शेड त्याआधीच पाडणार. गाडी हलवली नाही तर क्रेनने उचलून भंगारात टाकू, असं कंत्राटदाराचा माणूस तोंडावर सांगून गेला. मी म्हटलं, हात तर लावून बघ.

रविवारी शेड उघडली. सगळ्यांची पिंपं, मोडक्या सायकली, मंडळाचे बांबू बाहेर काढले तेव्हा कुठे ती दिसली. छताचा कापडी टप फाटून लोंबतोय, मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलाय, चारही टायर हवा जाऊन जमिनीला टेकलेत. पण दार उघडून लावलं तर असा जड आवाज आला की शेजारची आरोही म्हणाली, मावशी, ही तिजोरी आहे की गाडी?

भायखळ्याचे गाडीदलाल दीपकशेठ येऊन बघून गेले. त्यांना मी सगळं सांगितलं. बाबा मिलमध्ये फिटर होते, रे रोडच्या वखारवाल्याकडून त्यांनी ही सहासष्ट साली घेतली, सुट्टीच्या दिवशी भाड्याने वराती मारायचे. पंचाहत्तरमध्ये बाबा गेले आणि पुढची अकरा वर्षं आईने चालवली. त्यावर ते हसले. म्हणाले, विधवेने वरात नेली हे गिऱ्हाइकापुढे बोलू नका, भाव पडतो. शिवाय ही मूळची उघडी गाडी नाहीच, कोणीतरी बंद गाडीचं छत कापलंय, ऐंशी हजार देतो. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

तुझं मत लिही. फोन केलास तर उचलणार नाही. आईला माझा नमस्कार सांग, आणि माझ्यावर माया असेल तर कागदावर उतरव.

तुझी,
ताई


कुडाळ
२० जानेवारी २०२५

ती. ताईस हेरंबचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने दोनदा नाव विचारून घेतलं, त्याला वाटलं कोर्टाची नोटीस आहे. अक्षदा बरी आहे. दुकानात उन्हाळ्याआधीच पंख्यांना मागणी सुरू झाली, त्यामुळे उशीर झाला.

मी दीपकशेठशी बोललो. तू पाणी न विचारल्याचा राग त्यांनी धरलेला नाही. त्यांच्याकडे दिल्लीचं एक मोठं गिऱ्हाईक आहे, ते तीस लाख द्यायला तयार आहे. नीट वाच, तीस. फक्त एक निवेदन सही करून द्यावं लागेल की ही गाडी एका संस्थानाच्या धाकट्या राजपुत्राची होती, शिकारीला वापरत, आणि ती आपल्या बाबांकडे सांभाळायला दिली होती. मजकूर तेच तयार करणार. गाडी ते नवी करून लाल रंगात काढणार, वर पांढरा टप. म्हणजे लोक राजाचीच समजणार.

ताई, यात कोणाचं काय जातंय? राजपुत्र काही तक्रार करायला येणार नाही. तू एकटी आहेस, नव्या इमारतीत देखभालीचा खर्च डोक्यावर बसेल. मलाही दुकानाच्या वर एक मजला चढवता येईल.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. त्र्याऐंशी पूर्ण झाली, उगाच जुनं उकरून कशाला? तुझं पत्रही मी दुकानातच ठेवतो.

हट्ट करू नकोस आणि मला परकं समजू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
हेरंब


लालबाग
३१ जानेवारी २०२५

चि. हेरंब यास आशीर्वाद.

मी सही करणार नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

दादरच्या ऋता नावाच्या मुलीला मी बोलावलं. इंजिनिअर आहे, जुन्या गाड्या तपासून त्यांची किंमत लिहून देते. आली ती थेट गोणपाट अंथरून गाडीखाली शिरली, तासभर नुसते पाय दिसत होते. बाहेर आली तेव्हा केसांत जळमटं आणि चेहऱ्यावर हसू. तिने मला टॉर्च देऊन खाली वाकून बघायला लावलं. माझे गुडघे अजून बोलतायत, पण मी बघितलं. गाडीच्या लोखंडी सांगाड्याला मधोमध फुलीसारखे तिरपे गर्डर आहेत. छत नसलेली गाडी रस्त्यात पिळवटू नये म्हणून ते कारखान्यातच घालतात. बंद गाडीचं छत कोणी कापलं असतं तर खाली ही फुली नसती. ही सत्तेचाळीस सालची प्लिमथ, जन्मापासून उघडी. तुझ्या दीपकशेठना तीन आठवड्यांपूर्वी ती कापलेली वाटत होती, आता ती राजाची झाली!

मग तिने इंजिनवरचा नंबर तारेच्या ब्रशने घासून काढला. पी पंधरापासून सुरू होतो. मी ट्रंकेतून आरसी बुक काढलं, तर आकड्याला आकडा जुळला. म्हणजे इंजिन मूळचंच. रंगसुद्धा कारखान्याचाच, वर दुसरा हात नाही. फुलांची कमान बसवायला बाबांनी बॉनेटला पाडलेल्या चार भोकांमुळे किंमत थोडी उतरते म्हणाली. जशी आहे तशी सोळा ते अठरा लाख, असं तिने लिहून दिलंय. आणि बजावलं की चकचकीत केलेल्या गाड्या खूप मिळतात, हात न लागलेली आता शोधून सापडत नाही. एकदा हिला खरवडून रंगवली की ही गेली.

आरसी बुकात आणखी एक गोष्ट मिळाली. मालकाच्या रकान्यात बाबांच्या नावाखाली पंचाहत्तर सालचा शिक्का आहे: श्रीमती रमाबाई सीताराम आंगणे. गाडी आईची आहे, हेरंब. तुझ्या-माझ्या सहीला रद्दीचाही भाव नाही.

आता टोचणारं लिहिते. मजला तुला चढवायचाय हे खरं, पण राजपुत्र तुला हवाय तो आईला त्या सीटवरून उठवायला. नऊ-दहा वर्षांचा झाल्यापासून तू गाडीत कधी बसला नाहीस. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

रागावलास तरी जेवणावर राग काढू नकोस.

तुझी,
ताई


कुडाळ
१२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र माझ्या हाती यायच्या आधी आईच्या हाती पडलं. पोस्टमन दुकान बंद बघून घरी देऊन गेला. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी करून पदरात ठेवलं आणि मला फक्त जेवायला चल म्हणाली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

तू विचारलंस म्हणून लिहितो, अक्षदालाही हे ठाऊक नाही. शहात्तर साल, मी नऊ वर्षांचा. हिंदमाताकडून वरात येत होती आणि आम्ही चारपाच मुलं नाक्यावर बघत उभे होतो. नवऱ्या मुलाच्या मामाचं लक्ष आईच्या कपाळाकडे गेलं. त्याने बँड थांबवला, पांढऱ्या कपाळाची बाई पुढे नको, उतर म्हणून ओरडला. आई उतरली. किल्ली काढली, कनवटीला खोचली आणि फुटपाथच्या कडेला बसली. गाडी हवी असेल तर मी चालवणार, नाहीतर ढकलत न्या, म्हणाली. अर्धा तास बसली. शेवटी नवरा मुलगा मुंडावळ्यांसकट खाली उतरला, तिला हात जोडून घेऊन आला आणि मागे न बसता तिच्या शेजारी पुढे बसला.

तू ही गोष्ट अभिमानाने सांगतेस. पण तेव्हा माझ्या शेजारच्या मुलाने विचारलं होतं, ही तुझी आई ना? मी नाही म्हटलं. ही आमच्या चाळीत राहते, एवढंच म्हटलं, आणि पानाच्या गादीमागे लपलो. त्या गाडीकडे मला बघवत नाही, ताई. ती राजाची झाली तर बरं, असं वाटलं.

मी दीपकशेठना नको म्हणून कळवलं आहे. पुढचं आई ठरवेल. तुला जमेल तसं मला पदरात घे.

हेरंब


कुडाळ
१५ फेब्रुवारी

चि. इरूस आईचे आशीर्वाद.

अक्षर वाकडं आलं तर समजून घे, हात कापतो, डोकं नाही. गाडी माझी आणि भांडताय तुम्ही दोघं. मला विचारायला कोणाला सुचलं नाही. मेले काय मी?

हेरंबने मला सगळं सांगितलं. रडला गो बापडा, अठ्ठावन्न वर्षांचा घोडा. मी त्याला म्हटलं, गादीमागून तुझी चड्डी दिसत होती. मला तेव्हाच कळलं होतं. लहान पोर, त्याला त्याच चाळीत राहायचं होतं. मी फुटपाथवर बसू शकले, त्याला बसता आलं नसतं. विषय संपला. आता तूही त्याला टोचू नकोस.

आणि तू मला देवी करू नकोस गो. पोरांसाठी कष्ट उपसले म्हणून तू सगळीकडे सांगतेस. वरातीचे चाळीस रुपये मिळायचे, ते लागत होते, खरं आहे. पण मला आवडायचं. हे मी कोणाजवळ बोलले नाही. वरात पोचवली की परतताना रस्ता मोकळा असायचा. टप खाली, तोंडावर वारा, गाडीत मी एकटी. घरी जायचं सोडून दोनदा तर भायखळ्यापर्यंत जाऊन वळून आले. नवरा गेलेल्या बाईने एवढं खूश व्हावं हे लोकांना कळलं असतं तर त्यांनी किल्लीच काय, हात काढून घेतले असते. तेव्हा गप्प बसले. आता लिहिते.

गाडी वीक. ती काय तुळस नाही, जागेवर ठेवून पाणी घालायला. पण रंगवणाऱ्याला नको आणि खोटं बोलणाऱ्याला नको. माझं नाव कागदावर राहील त्यालाच. पैसे माझ्या खात्यात. मजल्याचं मी बघेन.

जेवत जा वेळेवर. तू माझ्यासारखी हट्टी निघालीस, त्याचं मला वाईट वाटत नाही.

आई


लालबाग
३ मार्च २०२५

ती. आईस इरावतीचा शि. सा. न.

तुझं पत्र मी चारदा वाचलं आणि ट्रंकेत ठेवलं. भायखळ्याचं वाचून हसू आवरेना, आम्ही जेवायचे थांबलेलो असायचो ग! तेव्हा तू टायर पंक्चर झाला म्हणून सांगायचीस.

ऋताने गिऱ्हाईक आणलं. सौमित्र नाव, दादरला राहतो, न रंगवलेल्या जुन्या गाड्या जशाच्या तशा जपतो. अडकलेलं इंजिन सोडवून चालू करणार, पण पत्र्याला हात लावणार नाही. सतरा लाख देतो. काल दीपकशेठ पुन्हा आले, बत्तीसवर चढले, एक सही म्हणाले. या खेपेला मी त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि दार दाखवलं.

सौमित्रला गाडीची हकिकत मालकाच्या तोंडची हवी आहे. तू सांग, मी लिहून पाठवते. नाहीतर तुला जमेल तसं दोन ओळी खरड. हेरंबला आशीर्वाद, तुझ्या पायांशी माझी जागा राखून ठेव.

इरू


कुडाळ
१० मार्च २०२५

श्री. सौमित्र यांस रमाबाई आंगणे यांचा स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. तुम्ही गाडीची हकिकत मागितलीत, ती मीच लिहिते, दुसऱ्याच्या हातची नको.

ही गाडी कोणा राजाची नव्हती. पहिली लाकडाच्या वखारवाल्याची, मग माझ्या यजमानांची, मग माझी. पंचाहत्तर ते शहाऐंशी मी हिच्यातून दोनशे अकरा वराती नेल्या. लग्नं मोडली असतील तर ती त्यांच्या कर्माने, माझ्या कपाळाने नाही. त्यातली पुष्कळ जोडपी अजून परळ-लालबागला आहेत, नातवंडं खेळवतायत, जाऊन विचारा.

ब्रेक दाबला की ही डावीकडे ओढते. दुसरा गिअर रुसतो, त्याला जोर लावायचा नाही, थांबायचं. खोटं बोलले असते तर पंधरा लाख जास्त मिळाले असते हे मला माहीत आहे. गाडी बघायला येणाऱ्यांना तेही सांगा, लपवू नका.

पुढच्या गुरुवारी तुम्ही ट्रक घेऊन येणार असं इरू म्हणते. मी हेरंबबरोबर आदल्या दिवशी येते. शेडमधून गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी दोरीने ओढावी लागेल, आणि ओढताना कोणीतरी स्टीअरिंग धरावं लागतं. तुमच्या ड्रायव्हरला सांगा, दोरी धर. स्टीअरिंगवर मी बसणार आहे. टप खाली करून ठेवा.

तुमच्या घरच्यांना माझे आशीर्वाद. ओळख नवी आहे, पण आता आपलं नातं एका गाडीचं झालं, ते सांभाळा.

रमाबाई सीताराम आंगणे
मालक आणि चालक