जिना कुठून घ्यायचा

अश्वजित,

मिस्त्रीला मी परत पाठवलंय. माझं पत्र्याचं शेड पाडून तिथून वरचा जिना घ्यायचा, हे मला त्याच्या तोंडून कळलं. पत्रे भंगारात देऊन बाथरूमच्या फरशा आणणार होतास म्हणं. भूकंपापासून मी स्लॅबखाली झोपत न्हाई, हे तुला माहीत न्हाई का? तेव्हा पत्र्याखाली तूच माझा पदर सोडत नव्हतास. क्लासच्या पोरांना भाड्यानं द्यायला चार खोल्या काढल्यास, आईची खाट मात्र नकाशात कुठंच न्हाई.

मी तुझ्या बहिणीकडं नांदेडला चालले. स्वयंपाक केलेला न्हाई. शेडला कुलूप हाय, किल्ली माझ्याजवळ. जिना मोटारसायकलीच्या जागेतून घे. न्हाईतर खोल्या बघायला आलेल्या आईबापांना मीच सांगीन, मालकाची आई या घरात झोपायला भिते.

आई