सी, डी आणि हिचा प्रबंध

३ मार्च, सोमवार
कॉम्प्युटरची गोगलगाय झालीय. बटण दाबून दाढी-अंघोळ उरकून आलो, तरी चक्र फिरतंच आहे. निर्णय: हार्ड डिस्क फॉरमॅट करून सगळं नव्याने टाकणार. स्वतः. ही म्हणाली, माझ्या भावाला बोलवा, त्याचं कामच ते. मेहुणा दहा मिनिटं काम करतो आणि तासभर अक्कल पाजळतो. ऑफिसात प्रिंटरमध्ये कागद अडकला की अख्खा मजला मला हाक मारतो. मी कशाला कुणाचे पाय धरू?

ता. क. आजपासून या रोजनिशीला पासवर्ड. लग्नाची तारीख. कुणाच्या बापाला कळणार नाही.

५ मार्च, बुधवार
हिचा प्रबंध सोमवारी विद्यापीठात द्यायचाय. तीन वर्षांची मेहनत. म्हणते, तो एकदा जाऊ दे, मग काय घालायचा तो गोंधळ घाला. म्हटलं, शुभस्य शीघ्रम्! ही हसली नाही.

७ मार्च, शुक्रवार
बॅकअप पूर्ण! प्रबंध, लग्नाचे फोटो, ही रोजनिशी, सगळं सी ड्राइव्हवरून उचलून डीवर ठेवलं. पुसायची ती सी. डीला धक्का नाही. ही म्हणाली, पेन ड्राइव्हवरही एक कॉपी घ्या ना. नखाएवढ्या वस्तूवर तीन वर्षांची मेहनत ठेवायची? हिला यातलं ओ की ठो कळत नाही. आता फिरून येतो.

८ मार्च, शनिवार, सकाळी १०
कॉम्प्युटर कामात, म्हणून वहीत लिहितोय. ही लायब्ररीत. पडद्यावर चार विभागांची यादी आली. एका सीचे चार तुकडे? म्हणूनच रखडत होता बिचारा! चारही उडवले. सगळा डेटा जाईल, चालेल का, असं विचारत होतं. चालेल की!

दुपारी १
झकास! चुटकीसरशी सुरू होतो.

१.१०
डी दिसत नाही.

१.४०
टेबलाखाली पाहिलं. कॉम्प्युटरचा डबा उघडून पाहिला. आत एकच डिस्क आहे. दुसरी कुणी काढली?

२.१५
मेहुण्याला फोन. मित्रासाठी विचारतोय, असं सांगितलं. तो म्हणाला, भावजी, डिस्क एकच असते. एका खोलीत पडदा लावून दोन खोल्या केलेल्या. तुमच्या मित्राने खोलीच पाडली. खूप हसला. मग एकदम थांबून विचारलं, ताईचा प्रबंध कुठाय? मी फोन ठेवला.

५.३०
तीन वर्षं रोज सगळं आवरून ही या खुर्चीत बसायची. मी मधूनमधून डोकावून विचारायचो, संपलं का? जिन्यात पावलं वाजतायत.

६.१०
सांगितलं. मित्राला मध्ये न घालता. डोळ्यांतून पाणी आलं, खोटं कशाला लिहू? हिने पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याला एक नखाएवढा पेन ड्राइव्ह.

१० मार्च, सोमवार
प्रबंध वेळेत दिला. पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरचं नाव 'ह्यांनी हात लावायच्या आधी'. तारीख शुक्रवारची, मी फिरायला गेलो त्या वेळची. त्यात फोटो आहेत. ही रोजनिशीही आहे. शुक्रवारच्या नोंदीखाली एक ओळ, ती माझी नाही: 'वाचलं. लग्नाची तारीख लक्षात आहे, एवढं बरं. आता चहा ठेवा.'

ठेवला. ही नोंद लिहीपर्यंत उतू गेला.