जंगलाचा वास आणि माझं जॅकेट

डार्मश्टाट

तीर्थरूप शैलामावशीस,
तुझ्या हृषीचा वाकून, कान पकडून नमस्कार. गुडघा कसा आहे? फिजिओवाल्या मुलीला घाबरवणं थांबवलंस का? मी बरा आहे. सर्दी नाही, खोकला नाही, आणि त्याचं सगळं श्रेय तू पाठवलेल्या कापराच्या पुरचुंडीला. पण त्या पुरचुंडीने इथे काय केलं ते ऐक.

तुला माहीतच आहे, आम्ही ओडेनवाल्डच्या डोंगरावर एका कंटेनरमध्ये यंत्र लावून बसलोय. मास स्पेक्ट्रोमीटर. बाहेरच्या नळीतून ते हवा ओढतं आणि हवेतल्या वायूंचे, तरंगत्या बारीक कणांचे रेणू अक्षरशः तोलतं. (तुझ्या वाण्याच्या काट्याहून बरंच प्रामाणिक आहे.) पाइनची झाडं उन्हात वाफा सोडतात, त्यांचे हवेत कण होतात, कणांवर ढग धरतात, म्हणून हा खटाटोप. मे महिन्यातही सकाळी थंडी असते, त्यामुळे मी जॅकेट घालून जायचो आणि ऊन चढलं की ते नळीच्या खांबाला अडकवायचो. आत जागाच नाही गं, दोन माणसं आत आली की एकाने श्वास सोडायचा. पुरचुंडी अर्थात आतल्या खिशात. (दर रविवारी व्हिडिओवर तू खिसा तपासतेस, मी काय करणार!)

तर रोज दुपारी एका पदार्थाचा आलेख ताडासारखा उंच जायला लागला. वजन बरोबर पाइनच्या वाफेपासून होणाऱ्या एका पदार्थाचं. आमच्या बाई, प्रोफेसर ब्रांट, एरवी हसायचं तरी आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते, पण त्या चक्क नाचायच्या बाकी राहिल्या. हे जंगल उन्हात काहीतरी नवीन करतंय म्हणाल्या, आणि दुसऱ्या गावच्या मोठ्या शास्त्रज्ञांना आलेख पाहायला बोलावलं. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढणं याच आलेखावर अवलंबून होतं.

पाहुणे डोंगर चढत होते तेव्हा संपदा वर आली. (नाशिकची, इथेच पीएचडी करते, कणांचे फिल्टर बदलायला येते.) खांबापाशी थबकली, नाक वर केलं आणि म्हणाली, "हृषिकेश, इथे आरती कोण करतंय?"

मावशी, माझा हात थेट जॅकेटच्या आतल्या खिशाकडे गेला. कापराचा रेणू आणि तो जंगलातला पदार्थ, दोघांचं वजन तंतोतंत सारखं! यंत्राला फरक कळायचा कसा? जॅकेट उन्हात तापायचं, कापूर उडायचा आणि जंगलाच्या नावावर जमा व्हायचा.

"मी काही बोलणार नाही," संपदा म्हणाली, "पण तू बोल."

बोललो. पाहुण्यांसमोर पुरचुंडी काढून बाईंच्या हातावर ठेवली. त्यांनी हुंगली. "आल्झो," म्हणाल्या (म्हणजे जर्मनमध्ये 'अस्सं तर!'), आणि मी मनातल्या मनात पुण्याचं तिकीट काढलं. त्यांनी विचारलं, "ही कोणी दिली?" म्हटलं, मावशीने. मग त्यांनी मला जॅकेट पुन्हा पुन्हा अडकवायला आणि काढायला लावलं. आलेख वर, आलेख खाली. पाहुणे लहान मुलांसारखे हसत होते. मोजणी जवळजवळ सगळी बाद झाली, ती नव्याने करायची आहे, आणि ती करायला माणूस हवा म्हणून माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. त्या संध्याकाळी डोंगर उतरताना संपदाने हात धरला.

काकांना नमस्कार. तब्येत सांभाळ.
तुझा,
हृषी

ता. क. तो हात अजून सोडलेला नाही. पुढचं ओळखलंच असशील. आईला अजून काही माहीत नाही. ती फक्त तुझं ऐकते.

आणखी ता. क. संपदाचे आईबाबा येत्या रविवारी मिरजेला येतायत. आमच्या घरी नाही, तुझ्याकडे. आईकडे पाठवायचं धाडस झालं नाही. संपदा म्हणते, मावशींना आधी विचारायला हवं होतंस. खरं आहे. तर विचारतो: चालेल ना?