उलटी वजाबाकी

सर, काल मुलीने वही पुढे केली. (२, ३) आणि (५, ९) या दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढायचं होतं. "आई, मी उलटं वजा केलं. वर तीनातून नऊ, खाली दोनातून पाच. तरी चढ दोनच आला. चालतं ना?" मी "चालतं" म्हणाले आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

चारकोपला तुमच्या घरातल्या क्लासमध्ये हेच गणित होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात चढ काढताना मी वर एक क्रम घेतला, खाली दुसरा. तुम्ही मला फळ्यापाशी उभं केलंत. "बाप इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सुतार, दिवसभर दोरी ताणून फळीवर रेघा मारतो, आणि पोरीला दोन ठिपके जोडता येत नाहीत! उद्या त्यालाच पाठव, त्याला तरी कळेल." सगळे हसले. बाबा मला न्यायला दारातच उभे होते. त्यांनी माझं दप्तर खांद्याला लावलं आणि पुढे चालू लागले.

त्या दिवसांत तुम्ही विसरायला लागला होतात. आमची नावं, हातातला खडू कुठे ठेवला ते. आम्हाला सगळं दिसत होतं. पुढच्या आठवड्यात हे गणित करताना तुम्ही उलटं वजा केलंत. वर उणे सहा, खाली उणे तीन, चढ दोन. y = २x − १ लिहिलंत. मी उभी राहिले. "सर, चुकलं. उलटं वजा केलंत." तुम्ही बराच वेळ फळ्याकडे बघत राहता, मग डस्टर फिरवता, पुन्हा मांडता, आणि आता वरचं सुलट नि खालचं उलटं होतं. चढ उणे दोन, समीकरण y = −२x + ७. उत्तर तपासायला तुम्ही नेहमी सांगायचात तेच वाक्य मी तुम्हाला ऐकवते, "x च्या जागी पाच घालून बघा, सर." नऊऐवजी उणे तीन येतं. "सरांची वाट लागली यार," मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग खिदळायला लागला. काकू स्वयंपाकघरातून आल्या, तुमच्या हातातला खडू काढून घेतला. "पुरे आता. आत चला." महिन्याभरात क्लास बंद झाला. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. मी शेवटचं बघायलाही आले नाही.

काकू अजून तिथेच राहतात. हा कागद त्यांच्या हातात द्यावा असं वाटलं होतं, पण देणार नाही. दिला तर हेही सांगावं लागेल की उभी राहण्याआधी मी तुमच्या पहिल्या समीकरणात पाच घालून पाहिलं होतं. नऊ आलं होतं. आणि फळ्यासमोरचा तुमचा तो चेहरा आठवला की मला अजूनही थोडं बरं वाटतं.