ज्याचा खोकला त्याची पट्टी

शालूचे बाबा,

मी शालूले घेऊन सानगडीले माह्या आईकडे चालली. भात चुलीवर हाये, वरण शिंक्यात ठेवलं. मामाजीच्या टीबीच्या गोळ्या आरशामागं हायेत, जेवल्यावर तुमीच देजा. सुई द्याले नर्सबाई बुधवारी येतीन.

डॉक्टरनं तुमच्यासमोरच सांगतलं होतं, जो खोकलते त्याच्याच तोंडावर पट्टी पायजे, दोन महिने, मंग घरातले बाकीचे वाचतेत. म्हणून मी जुन्या धोतराच्या चार घडीच्या पट्ट्या शिवल्या. आज सकाळी मामाजी शालूले मांडीवर घेऊन खोकलत होते. मी पट्टी देल्ली तं त्याहिनं आंगणात फेकली. "मी का चोर आहो, तोंड बांधाले?" आन् तुमी आपल्या बाबाले सोडून मलेच म्हटलं, "तूच पदर घे ना तोंडावर, तुले तं सवयच हाये."

माह्या लुगड्याच्या पदरातून मले पूर्ण घर दिसते, तं खोकला आत येनार नाही का? आन् तीन वर्साच्या शालूले कुठचा पदर?

पट्ट्या धुऊन खुंटीवर टांगल्या हायेत. मामाजीनं त्या बांधल्या का मले घ्याले येजा, नाही तं येऊच नका. त्याहिच्या मानासाठी मी सात वर्स तोंड झाकलं. नातीच्या जिवासाठी त्याहिले दोन महिने झाकवत नाही?

शालूची माय